नाव विचारून लिहा: सांगली जिल्ह्यात नावे नोंदवणाऱ्या सर्वांना खुले पत्र

प्रति,
जिल्ह्यातील शाळांचे मुख्याध्यापक व लिपिक, ग्रामपंचायत अधिकारी, जन्म-मृत्यू नोंदीचे काम पाहणारे कर्मचारी, आपले सरकार सेवा केंद्रांचे आणि आधार केंद्रांचे चालक;
तसेच जिल्हा प्रशासन, सांगली.

विषय: नाव नोंदवताना होणाऱ्या गफलती आणि त्या जागच्या जागी टाळण्याबाबत.

सविनय नमस्कार.

जून उजाडला की तुमच्या टेबलापुढे रांग लागते. पहिलीचा प्रवेश, अकरावीचा प्रवेश, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, शिष्यवृत्ती. त्या रांगेतल्या कितीतरी जणांचे काम एकाच कारणाने अडते: या कागदावरचे नाव त्या कागदावरच्या नावाशी जुळत नाही. "दुरुस्त करून आणा" एवढे ऐकून माणूस बाहेर पडतो आणि पुढे महिनोन्‌महिने चकरा मारतो. आम्ही दाखल्यांची भाषांतरे करणारे, अर्ज भरून देणारे आणि भाषा शिकवणारे लोक. न जुळणारी नावे रोज आमच्या हाताखालून जातात. त्यांत निव्वळ हलगर्जीपणाची प्रकरणे थोडी. बहुतेक वेळा नाव एका लिपीतून दुसऱ्या लिपीत किंवा एका रीतीतून दुसऱ्या रीतीत जाते आणि वाटेत कोणीतरी ते न विचारता बदलून टाकते. हे नेमके कुठे घडते ते सांगावे, म्हणून हे पत्र.

आपल्या अर्जांत तीन रकाने ठरलेले असतात: स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव. हे इतके अंगवळणी पडले आहे की प्रत्येकाचे नाव असेच तीन तुकड्यांचे असणार, असे आपण धरूनच चालतो. खुद्द आपले जुने कागद तसे नाहीत. जुन्या मोडी दप्तरात 'संताजी बिन कृष्णाजी' असे लिहिलेले सापडते, म्हणजे कृष्णाजीचा मुलगा संताजी. बाईचे नाव 'कोम' लावून नवऱ्याच्या नावाला जोडलेले असते. आडनाव असले तर असले. गावात कोण कुणाचा हे सर्वांना ठाऊक, त्यामुळे अडायचे काही नाही. तासगावकर, औंधकर, कराडकर ही आडनावे गाव सोडल्यावरच कामाची. कुणबी नोंदी शोधताना आजोबा-पणजोबांच्या नावापुढे आडनाव नाही म्हणून नोंद बाजूला ठेवली जाते, तेव्हा आजचा रकाना शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला लावला जात असतो. शिवाय मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. मोडीतल्या नावाचे देवनागरीत 'विठु' केले की 'विठू', हा वाचणाऱ्याचा निर्णय. त्यावरून माणूस वेगळा ठरत नाही.

आडनावाची खरी निकड सरकारांना असते. फिलिपाईन्समध्ये १८४९ साली स्पॅनिश गव्हर्नरने आडनावांची छापील यादी काढून ती गावोगाव वाटून दिली. काही गावांत अजून बहुतेकांची आडनावे एकाच अक्षराने सुरू होतात ती त्यामुळे. जपानने १८७५ मध्ये, थायलंडने १९१३ मध्ये, तुर्कस्तानने १९३४ मध्ये कायद्याने सर्वांना आडनाव घ्यायला लावले. आइसलंडने मात्र आपली रीत सोडलेली नाही. तिथे वडिलांच्या किंवा आईच्या नावाला 'सोन' किंवा 'दोत्तिर' जोडतात, म्हणून सख्ख्या भावाबहिणीचे शेवटचे नाव वेगळे असते आणि टेलिफोनची यादी पहिल्या नावावरून लावलेली असते. म्यानमारमध्ये आडनाव नाहीच. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस राहिलेले ऊ थांट यांच्या नावातला 'ऊ' म्हणजे आपला 'श्री.' इंडोनेशियाचे सुकार्नो आणि सुहार्तो एकाच शब्दात संपतात. चीन, कोरिया, व्हिएतनाम, हंगेरी इथे घराण्याचे नाव आधी येते. आपल्याकडे दहावीच्या बोर्डाचे प्रमाणपत्रही आडनाव आधी छापते, आधार मात्र शेवटी. तरीही 'पाटील अमोल रामचंद्र' आणि 'अमोल रामचंद्र पाटील' हा क्रमाचा फरक 'तफावत' म्हणून परत पाठवलेला दिसतो. कोल्हापूर विभागीय मंडळातून बाहेर पडलेल्या प्रत्येक मुलाच्या कागदात हा फरक असणारच. तो तफावत म्हणून धरूच नका.

सांगली जिल्ह्याचा प्रश्न मात्र नुसता क्रमाचा नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या भागांतली असंख्य कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाईसाठी, म्हणजे ती वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी, देशभर पांगलेली आहेत. त्यांची पोरे कोईमतूर, तिरुचिरापल्ली, त्रिशूर अशा ठिकाणी जन्मतात, तिथल्या शाळेत चार-सहा वर्षे काढतात आणि मग विट्याला आजीकडे येतात. सोबतचा दाखला बहुधा तमिळनाडूच्या रीतीचा असतो. त्या रीतीत आडनाव नसते. वडिलांच्या नावाचे पहिले अक्षर मुलाच्या नावापुढे लागते. संजय शिंदे यांचा मुलगा विजय तिथे 'एस. विजय' होतो. इथे अर्ज भरताना 'एस' कुठे घालायचा, हा प्रश्न पडतो. कोणी तो आडनावाच्या रकान्यात घालतो, कोणी 'विजय' आडनाव करून 'एस' पहिले नाव धरतो. पुढे पॅन काढायला गेले की आद्याक्षर चालत नाही, पूर्ण आडनाव मागतात. पॅनचे पाचवे अक्षर आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून पडते, म्हणजे शिंदे असेल तर 'एस', विजय हेच आडनाव धरले गेले तर 'व्ही'. आडनाव पुढे दुरुस्त केले तरी पॅन क्रमांक तोच राहतो आणि ते अक्षर जन्मभर चिकटते.

यावर उपाय साधा आहे. परराज्यातल्या जन्मदाखल्यात वडिलांचे पूर्ण नाव स्वतंत्र रकान्यात असते. 'एस' त्याच नावाचा आहे हे तिथेच दिसते. पालकांसमोर त्या रकान्यावर बोट ठेवून विचारा, वडिलांचे आडनाव त्यांच्या आधारवरून घ्या, आणि जनरल रजिस्टरच्या, म्हणजे शाळेच्या मूळ विद्यार्थी-नोंदवहीच्या, शेरा रकान्यात एक ओळ लिहा: 'मूळ दाखल्यात एस. विजय, एस म्हणजे वडील संजय.' ही एक ओळ पुढे दहा प्रतिज्ञापत्रे वाचवते.

त्याच दाखल्यांवर आणखी एक सापळा आहे. दक्षिणेत रोमन लिपीत 'त' साठी 'टीएच' लिहितात, कारण नुसता 'टी' त्यांनी 'ट' साठी राखलेला असतो. आपण 'टीएच' वाचतो 'थ' किंवा 'ठ'. म्हणून सविता, सुनीता, लता, गीता या मुली इकडे येऊन सविथा, सुनिथा, लथा, गीथा होतात, आणि मराठी रकाना यंत्राने भरलेला असेल तर हमखास होतात. तमिळ लिपीत तर क आणि ग, त आणि द, प आणि ब यांना एकेकच अक्षर आहे, ख, थ, फ असे महाप्राण वेगळे नाहीत. तमिळ दाखल्यावरून कोणी अक्षरे उचलून मराठीत आणली की 'बाबर'चे 'पापर' व्हायला वेळ लागत नाही. असा दाखला समोर आला की लिपी उलगडत बसू नका. घरात काय म्हणतात ते विचारा.

जत तालुक्याची गोष्ट उलटी आहे. तिथे कन्नड बोलणारी गावे आहेत, कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, आणि रोमन नाव सगळ्या कागदांवर सारखे असले तरी देवनागरी नाव दर कागदावर वेगळे असते. 'मल्लप्पा', 'मल्लाप्पा', क्वचित 'मल्लप्प'. कारण सोपे आहे. कन्नडमध्ये शब्दाच्या शेवटचा 'अ' उच्चारतात, मराठीत गिळतात. कन्नड अक्षरे जशीच्या तशी देवनागरीत मांडली तर 'मल्लप्प' येते, ते मराठी माणूस अर्धवट वाचतो, म्हणून शेवटी काना देतो. मधला काना आपल्या बोलीचा. बसप्पा आणि बसाप्पा, सिद्धप्पा आणि सिद्धाप्पा यांचेही तेच. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए, ऱ्हस्व ओ आणि दीर्घ ओ यांना वेगळी अक्षरे आहेत. मराठीत एकेकच मात्रा, त्यामुळे 'चन्नवीर' की 'चेन्नवीर' असा घोळ उरतोच. ही सगळी रूपे एकाच माणसाची. तालुक्याचे नावही यातून सुटत नाही. 'जत'चे रोमन स्पेलिंग शेवटी 'टीएच' लावून लिहायची जुनी पद्धत आहे आणि यंत्र ते 'जथ' असे परत देते. जन्मस्थळ 'जथ' छापलेले दाखले आम्ही भाषांतरासाठी घेतो तेव्हा खालच्या टिपेत खरे नाव लिहावे लागते.

मिरज आणि आसपासच्या मुसलमान कुटुंबांची नावे बहुतेक आपल्या तीन रकान्यांत नीट बसतात, कारण मुजावर, अत्तार, शिकलगार, बागवान, तांबोळी, मुल्ला ही आडनावे इथल्याच मातीतली आहेत. अडचण येते ती जोडनावांत. 'अब्दुल रहमान' हे एकच नाव आहे. 'अब्दुल' म्हणजे 'अमक्याचा सेवक'. तो अमका पुढच्या शब्दात असतो. ते तोडून 'अब्दुल' पहिले नाव आणि 'रहमान' वडिलांचे नाव केले की मुलाला वडील बदलून मिळतात. 'बी', 'बानो', 'बेगम', 'खातून' यांना आडनाव समजू नका. शेख आणि सय्यद कधी आधी येतात, कधी शेवटी, हेही क्रमाच्या फरकातच धरा.

आता आपल्या घरचे. आपल्या भागात बाळासाहेब, आप्पासाहेब, दादासाहेब, रावसाहेब ही पाळण्यातली नावे असू शकतात, आदरार्थी जोड नव्हेत. परजिल्ह्यातून बदलून आलेल्या कर्मचाऱ्याला हे पटकन पटत नाही. तो 'साहेब' कापतो. किंवा यंत्रात 'बाळा' आणि 'साहेब' अशी फोड होते आणि 'साहेब' आडनावाच्या रकान्यात जाऊन बसते. त्यातच आपला 'सो'. सातबाऱ्यावर आप्पासो, रेशन कार्डावर आप्पा, आधारवर आप्पासाहेब, दाखल्यावर आप्पासाहेब पण 'अ'ला एकच काना की नुसता 'अ' यावर पुन्हा वाद. सांगली, सातारा, कोल्हापूर सोडून 'सो' म्हणजे साहेब हे कोणाला सांगूनही खरे वाटत नाही. शेतकरी ओळख क्रमांक काढताना सातबारा आणि आधार यांतली नावे यंत्र ताडून बघते आणि इथेच अडते, कारण यंत्राला 'बाळासो' आणि 'बाळासाहेब' हे दोन वेगळे खातेदार वाटतात. लेखनातली उघड चूक जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली दुरुस्त करता येते, पण 'सो' ही चूकच नाही, रूढ संक्षेप आहे. नव्या नोंदीत 'सो' लिहू नका, पूर्ण 'साहेब' लिहा. जुन्या नोंदीत असेल तर ते एकच नाव आहे असे माना. शालन आणि शालनबाई, शंकर आणि शंकरराव यांनाही हाच न्याय.

सगळ्यात जास्त नावे बिघडतात ती मराठीतून रोमनमध्ये आणि तिथून परत मराठीत येताना. याचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. आपल्या चालीच्या रोमन स्पेलिंगमध्ये अ आणि आ दोघांना एक अक्षर, ल आणि ळ यांना एक, न आणि ण यांना एक, त आणि ट यांना एक, द आणि ड यांना एक. जाताना दोन वाटा एक होतात. परत येताना यंत्राला कुठली धरायची ते कळत नाही. माळी रोमनमध्ये गेला की चार अक्षरांचा होतो आणि परत 'माली' किंवा 'मली' होऊन येतो. काळेंचे काले होते, लाडचे लड, गोळेंचे गोले, कांबळेंचे काम्बले, पाटीलचे 'पाटिल'. आधार केंद्रावर इंग्रजी नाव टाइप केले की मराठी रकाना आपोआप भरतो. तो नजरेखालून घातल्याशिवाय पुढे जाऊ नका. स्क्रीन माणसाकडे वळवा आणि मोठ्याने वाचून दाखवा. वाचता न येणाऱ्या म्हातारीलाही 'काले' आणि 'काळे' हा फरक कानाला लगेच कळतो. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून ही अर्ध्या मिनिटाची तपासणी चैन समजू नका.

रोमन स्पेलिंग कोणते 'बरोबर', यावर वाद घालू नका. व साठी 'व्ही' की 'डब्ल्यू', ज्ञ साठी 'डीएनवाय', 'जीवाय' की 'जेएन', लक्ष्मीत 'केएसएच' की 'एक्स', चव्हाणच्या स्पेलिंगमध्ये 'एच' किती, यांना नियम नाही. नियम एकच असावा: घरात आधी जे ठरले आहे ते. वडिलांच्या आणि मोठ्या भावंडाच्या कागदावर पवारमध्ये 'डब्ल्यू' असेल तर धाकट्यालाही तोच. लिपिकाने स्वतःच्या मते 'शुद्ध' स्पेलिंग घातले की एका घरात दोन आडनावे होतात आणि पासपोर्टच्या वेळी बापलेकाचे नाते सिद्ध करत बसावे लागते.

संगणकाशी रोज काम करणाऱ्यांसाठी एक बारीक बाब. कऱ्हाडकर, गोऱ्हे, वऱ्हाडे या नावांतला आडवा 'ऱ्' दोन प्रकारे टाइप होतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन हलन्त देतात. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. शोध घेताना मात्र एकाने भरलेले नाव दुसऱ्याने सापडत नाही आणि 'नोंद आढळत नाही' असा शेरा पडतो. तसेच ॲंथनीमधला 'ॲ' एका अक्षरानेही येतो आणि 'अ'वर चंद्र देऊनही. नाव सापडले नाही तर 'नाही' म्हणण्याआधी दुसऱ्या पद्धतीने टाइप करून बघा, नाहीतर नुसत्या आडनावाच्या शेवटच्या दोन-तीन अक्षरांवरून शोधा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधून फिरवलेली यादी असेल तर जोडाक्षरे आणि रफार मुळाबरहुकूम पडताळल्याशिवाय वापरू नका. पहिला घाव तिथेच बसतो.

आता येणारी अडचण. १४ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव स्वतःचे, आईचे, वडिलांचे आणि आडनाव अशा क्रमाने लिहायचे आहे. निर्णय चांगला आहे. स्पेनमध्ये माणसाला बापाचे आणि आईचे अशी दोन आडनावे असतात, पोर्तुगालमध्ये बहुधा आईचे आधी आणि बापाचे शेवटी, आणि शतकानुशतके त्यांचे काही अडलेले नाही. अडणार आहे ते आपल्या तीन रकान्यांत. ही मुले २०३० मध्ये पहिलीत येतील. तोवर अर्जाचे नमुने बदलले नाहीत तर कोणी आईचे नाव मुलाच्या नावाला चिकटवेल, कोणी मधल्या रकान्यात आई-वडील दोघांना कोंबेल, कोणी आईला गाळेल. आमचे म्हणणे: मधला रकाना दोन नावांसाठी आहे असे जिल्ह्यापुरते तरी एकदा ठरवून टाका, आणि दोन्ही नावे आई, मग वडील अशीच येऊ द्या.

पासपोर्टवर लांबीचाही प्रश्न आहे. पासपोर्टच्या खाली यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ जागांच्या. वरच्या ओळीत सुरुवातीच्या ५ जागा कागदाचा प्रकार आणि देशाच्या संकेतासाठी जातात, नावासाठी उरतात ३९. आधी आडनाव, मग दोन मोकळ्या खुणा, मग बाकीची नावे, प्रत्येक दोन नावांमध्ये एक खूण. ज्ञानेश्वरी मंदाकिनी बाळासाहेब पाटील हे नाव घ्या. रोमनमध्ये ज्ञानेश्वरी १२, मंदाकिनी ९, बाळासाहेब ९, पाटील ५, आणि ४ खुणा: बरोबर ३९. बसले म्हणावे तर शेवटच्या जागेवर अक्षर आले की नाव कापलेले असू शकते, असा त्याचा अर्थ घेतला जातो. तीच मुलगी कुलकर्णी असती तर ४२, नाईक निंबाळकर असती तर ४८. कापलेले नाव बेकायदा नव्हे, वरच्या छापील भागात ते पूर्णच असते. पण विमानाचे तिकीट काढताना नेमके काय भरायचे, हे पालकांना आधी सांगायला हवे. त्या दोन ओळींत मात्रा-चिन्हे, अपॉस्ट्रॉफी चालत नाहीत. जर्मन 'ü' सुद्धा तिथे 'यूई' होऊन येतो.

पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना रिकामा ठेवता येतो, पण ठेवू देऊ नका. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये पासपोर्टवर एकच शब्दाचे नाव असलेल्या पर्यटक आणि व्हिजिट व्हिसावाल्यांना प्रवेश नाकारायला सुरुवात केली. वडिलांचे किंवा घराण्याचे नाव दुसऱ्या पानावर असेल तर चालवून घेऊ, असे नंतर सांगितले. अमेरिकेच्या व्हिसावर एकच नाव असेल तर ते आडनाव धरतात आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू', म्हणजे 'पहिले नाव अज्ञात', असे छापतात. तिथे उतरल्यावर बँकेपासून वाहन परवान्यापर्यंत तो माणूस 'फ्नू' नावाने ओळखला जातो.

दुरुस्तीचा क्रम चुकला की काम दुप्पट होते, म्हणून तो सांगतो. बाळाचा जन्म २१ दिवसांत नोंदवायचा असतो आणि तोवर नाव ठरले नसले तरी चालते. दवाखान्यातून सुट्टी देताना घाईने काहीतरी नाव लिहून घेऊ नका. बारसे होऊ द्या. नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. एकदा घातलेल्या नावात लेखनाची चूक असेल तर जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली ती दुरुस्त होते, पण मूळ नोंद खाडाखोड न करता, समासात, सही आणि तारखेसह. खाडाखोड केलेले रजिस्टर पुढे प्रत्येक पडताळणीत संशयाचे कारण बनते. म्हणून आधी जन्मनोंद, मग आधार, मग शाळेचे जनरल रजिस्टर, मग युडायस (शाळांची सरकारी ऑनलाइन नोंद) आणि आपार (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक). लोक आधी आधार बदलून घेतात कारण ते सोपे वाटते, मग जन्मदाखला वेगळाच निघतो आणि दोनांतली एक संधी फुकट जाते. मूल शाळेत आहे तोवर जनरल रजिस्टरमधली दुरुस्ती वरिष्ठांच्या मंजुरीने होऊ शकते. शाळा सुटल्यावर ती फार जड जाते. दहावीचा अर्ज भरण्याआधीची नववी ही शेवटची सोयीची वेळ. त्या वर्षी प्रत्येक मुलाचे मराठी आणि रोमन नाव त्याच्याच हाताने एका कागदावर लिहून घ्या आणि पालकांची सही घ्या. प्रौढांनी नाव खरोखर बदलले असेल, नुसते स्पेलिंग नव्हे, तर राजपत्राशिवाय इलाज नाही.

लग्नानंतरचे नाव हा स्वतंत्र विषय आहे, इथे एवढेच: नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही. विवाह नोंदणीच्या वेळी 'आता नाव काय लावणार' असे बाईलाच विचारा, तिच्या मागे उभ्या असलेल्याला नाही.

शेजारच्या सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये 'नकुसा', 'नकोशी' अशी नावे असलेल्या २८५ मुलींना समारंभाने नवी नावे दिली गेली. काम चांगले होते. पण नाव देणे एका दिवसात होते. ते जन्मनोंदीत, रजिस्टरात, रेशन कार्डात, आधारात पोचवणे हे टेबलामागच्या माणसाचे काम आहे आणि त्याला समारंभ नसतो. अशी मुलगी किंवा आता बाई तुमच्याकडे आली तर 'जुने नाव का बदलले, कारण लिहून द्या' असे विचारू नका. कारण त्या नावातच आहे. धोंडू, दगडू, केरू, भिकू ही नावे दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेली. ज्यांना ती तशीच हवीत त्यांची तशीच राहू द्या.

जिल्हा प्रशासनाकडे आमच्या दोनच मागण्या आहेत. पहिली: आपल्या भागापुरती समान रूपांची एक यादी जाहीर करा. सो आणि साहेब, अण्णा आणि आण्णा, बाई-राव असलेली आणि नसलेली रूपे, अप्पा-आप्पा-प्प, ल आणि ळ, 'व्ही' आणि 'डब्ल्यू', दाक्षिणात्य 'टीएच' आणि त, कराड आणि कऱ्हाड, इस्लामपूर आणि ईश्वरपूर, नावाचा क्रम. यादीतला फरक असेल आणि जन्मतारीख व वडिलांचे नाव जुळत असेल तर प्रतिज्ञापत्र न मागता काम पुढे जावे. यादी दोन पानांची होईल. ती करायला तलाठी, शाळेचे लिपिक, जतचे कन्नड शिक्षक आणि मोडी वाचणारे एक-दोन जण एका दुपारी बसले तरी पुरे. दुसरी: जिल्ह्यात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक अर्जावर तीन रकान्यांच्या वर एक लांब, न तोडलेली ओळ ठेवा, 'संपूर्ण नाव, आपण जसे लिहिता तसे', एकदा देवनागरीत आणि एकदा रोमनमध्ये. खालचे रकाने यंत्राला लागतात तर असू द्यात. वाद झाला की वरची ओळ प्रमाण मानावी.

यादीचा कच्चा मसुदा करून द्यायला आम्ही तयार आहोत. शाळा सुरू होण्याआधी, मे महिन्यातच बैठक लावली तर यंदाच्या प्रवेशांना त्याचा उपयोग होईल.

आपले,
सांगली-मिरज परिसरातील अर्जलेखक, भाषांतरकार आणि भाषाशिक्षक